चौदा शेरांचं तबक

देवासला टेकडीच्या पायथ्याशी, कन्याशाळेच्या मागच्या गल्लीत सुमंगला राहत असे. तिच्याबद्दल शेजारपाजारच्या बायकांची एकच तक्रार होती, की ही माणसांकडे टक लावून बघते. तोंडाकडे बघितलं तर एक वेळ चालेल, ही पायांकडे बघते. कोणी पाटावरून उठलं, कोणी ओझं खाली ठेवलं, कोणी जिन्यात थबकलं, की हिची नजर तिथे खिळायची आणि ओठ हलायला लागायचे. समोरच्या राजाबाईंना तर कितीतरी दिवस वाटत होतं की ही आपल्या जोडव्यांवर डोळा ठेवून आहे. शेवटी त्यांनी सुमंगलाच्या वहिनीजवळ, सुभद्राबाईंजवळ विषय काढला.

"जोडवी नाही हो," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही उंबरा ओलांडताना आधी कुठला पाय हलका करता, ते मोजतात आमच्या वन्सं."

त्या दिवसापासून राजाबाई उंबऱ्याशी आल्या की अडखळायच्या.

सुमंगला तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. कन्याशाळेत चित्रकला शिकवायची. मुलींकडून वर्षानुवर्षं तीच फुलदाणी, तीच पेरूची फांदी काढून घ्यायची. आई ती सात वर्षांची असताना गेली, तेव्हा वडिलांनी तिला धारला आपल्या बहिणीकडे ठेवलं, ती चौदा वर्षांची होईपर्यंत. पुढे वडीलही गेले. दोन ठिकाणी लग्नाचं जमत आलं आणि मोडलं. मग थोरला भाऊ कृष्णराव, जो कचेरीत कारकून होता, त्याच्या घरी ती राहू लागली, आणि लग्नाचा विषय हळूहळू मागे पडला. घरात तिचं कोणाला ओझं नव्हतं. पण जेवायला बसली तरी तिचा डावा अंगठा आपला ताटाच्या कडेवर फिरत असायचा, जणू वहीची पानं सोडतोय. कृष्णराव म्हणायचा, "अगं, दोन घास तरी एका जागी बसून खा."

हे वेड लागलं सन एक्कावन्नमध्ये. सरकारी प्रचाराची मोटार गावात आली आणि मैदानात पांढरा पडदा लावून डासांवरचा एक हलत्या चित्रांचा सिनेमापट दाखवला गेला. लोक हसले आणि घरी गेले. सुमंगला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार निघायच्या आत तिथे हजर. मशीनवाल्याने फिल्मचा फाटलेला एक तुकडा काढून दिला. "ले लो बहनजी, कचरा है ये." हातभर लांबीची ती पट्टी तिने खिडकीशी धरली. एक माणूस आपल्याच गालावर थप्पड मारतो, एवढंच तिच्यात होतं. हात मागे जाताना चित्रं एकमेकांना अगदी चिकटून होती, केसाएवढा फरक. गालाकडे येताना मात्र दोन चित्रांत चांगलं नखभर अंतर. म्हणजे चित्रं जवळजवळ काढली की हात सावकाश चालतो, लांब लांब काढली की झपकन येतो. हे तिला कोणी सांगितलं नाही, पट्टीने सांगितलं. त्या दिवसापासून शाळेची फुलदाणी तिला मेल्यासारखी वाटायला लागली.

पाच वर्षं ती जुन्या वह्यांच्या कोपऱ्यांत चित्रं काढत राहिली. पानं अंगठ्याने भर्रकन सोडली की कधी मांजर उडी मारायची, कधी छत्री उघडायची. मग छप्पन्न साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबईहून पाकीट आलं. तिथल्या एका चित्रसंस्थेने हलती चित्रं काढायला माणसं हवीत म्हणून जाहिरात दिली होती. सुमंगलाने घरी न विचारताच अर्ज टाकला होता. आता त्यांनी परीक्षा म्हणून एक काम पाठवलं होतं.

काम ऐकायला साधं होतं. एका माणसाने जड वस्तू उचलायची, पाच पावलं न्यायची आणि खाली ठेवायची. एकशेवीसपेक्षा जास्त चित्रं नकोत. वस्तू जड आहे हे वस्तूवरून कळता कामा नये, शरीरावरून कळलं पाहिजे. आणि सोबत आखणीचा तक्ता हवा. एका सेकंदात पडद्यावरून चोवीस चौकटी जातात, तर कोणतं चित्र किती चौकटी थांबायचं ते आधी ठरवून लिहायचं. वीस नोव्हेंबरच्या आत सगळं पोचलं पाहिजे.

कृष्णरावने पत्र दोनदा वाचलं. त्याच्या स्वतःच्याच डोक्याला त्या दिवसांत घोर होता. नोव्हेंबरपासून मध्य भारत हे राज्यच संपणार, राजधानी भोपाळला जाणार, कोणाची बदली कुठे होईल सांगता येत नव्हतं. "हे झालं नाही तर?" त्याने विचारलं.

"तर फुलदाणी," सुमंगला म्हणाली.

"आणि झालं तर?"

तोवर ती फळी शोधायला निघून गेली होती.

फळीवर तिने दोन खिळे ठोकले. प्रत्येक कागदाला वर दोन भोकं पाडून तो खिळ्यांत अडकवायचा, म्हणजे चित्र जागचं हलत नाही. माजघराच्या खिडकीची काच तिने राख लावून लख्ख पुसली, तिच्यावर कागदावर कागद धरून खालचं चित्र बघत वरचं काढायचं. ड्रिलच्या बाईंचं स्टॉपवॉच मागून आणलं. विषयही लगेच ठरला. पाणी भरणारी बाई, पितळेचा हंडा. शाळेतून आलं की पदर खोचून खिडकीशी उभी, ऊन उतरेपर्यंत.

दहा दिवसांनी शहाण्णव चित्रांची गड्डी तयार झाली. तिने ती वहिनींच्या हातात दिली. सुभद्राबाईंनी हात पुसले, गड्डी घट्ट धरली आणि अंगठ्याने पानं सोडली. परत एकदा सोडली.

"चालते किती डौलात," त्या म्हणाल्या. "पण वन्सं, नळाला पाणी नव्हतं का त्या दिवशी?"

"का?"

"हंडा रिकामा आहे तिचा."

सुमंगलाने गड्डी हिसकावूनच घेतली. स्वतः दहादा सोडून बघितली. वहिनी खरं बोलत होत्या. बाई खाली वाकत होती, हंडा उचलत होती, पाच पावलं टाकत होती, आणि हंडा कागदाचा होता.

मग तिने बाईला आणखी वाकवलं. पाठीला बाक दिला, मान खाली घातली, पावलं सावकाश केली, एकेक चित्र दोन चौकटींऐवजी चार चौकटी थांबवलं. चार दिवस त्यात गेले.

"आता?" तिने विचारलं.

सुभद्राबाईंनी बघितलं. "आता हिला संधिवात झालाय," त्या म्हणाल्या. "हंडा अजून रिकामाच."

घरात दिवाळीची गडबड सुरू झाली होती. सुमंगला करंज्या भरताना मध्येच उठायची, खिडकीशी जायची, परत यायची. तिच्या करंज्या तळताना फुटायच्या. एकदा सकाळी ती उठली आणि थेट धान्याच्या मंडीत गेली. तिथे गणोजी नावाचा हमाल होता, दोन-दोन मणांची पोती गाडीतून काढणारा. सुमंगला निंबाखाली वही घेऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही उभी राहिली. तिसऱ्या दिवशी गणोजी घाम पुसत तिच्याकडे आला.

"बाई, काय लिहिता हो रोज? आमचे भिया लोक तुम्हाला इन्स्पेक्टर समजतात. कल से कोणी धड बोरी उठवत नाही."

सुमंगलाने सांगितलं. त्याला गंमत वाटली. त्याने तिच्यासाठी एक पोतं चारदा उचललं, पाचव्यांदा म्हणाला, "आता बस्स, हे पोतं मोफतचं आहे." तिने घरी जाऊन गणोजी काढला. धोतर, मुंडासं, पाठीवर पोतं. गड्डी घेऊन ती परत मंडीत आली. गणोजीने पानं सोडून बघितली, आणि बाजूच्या दोघांनाही दाखवली. तिघेही हसू दाबत होते.

"आदमी तर मीच आहे," गणोजी शेवटी म्हणाला. "पण चाल बाईची आहे. आणि बाई पण रोजची नाही. सणासुदीची."

हे वाक्य घेऊन ती घरी आली आणि ते वहिनींना सांगितलं. सुभद्राबाई ऐकत होत्या, आणि बोलता बोलता त्यांनी नळाखालचा हंडा काठोकाठ भरून घेतला.

"वन्सं, हा उचला. आणि त्या कपाटाच्या आरशाकडे बघत या माझ्याकडे."

सुमंगलाने हंडा उचलला. आरशात एक बाई येत होती. खांदे सरळ, मान ताठ, चेहरा स्वच्छ, बांगडीचा आवाज नाही. पाऊल अलगद. हंडा भरलेला आहे हे तिच्या मनगटाला कळत होतं, पण आरशातल्या बाईला त्याचा पत्ता नव्हता.

"ती कागदावरची बाई कोण आहे, कळलं?" वहिनी म्हणाल्या. "हमाल काढा नाहीतर पहिलवान काढा, उचलता तुम्हीच. आणि तुम्हाला उचलताना मी सात वर्षांत कधी जड झालेलं बघितलं नाही."

सुमंगलाने हंडा खाली ठेवला. हे कुठून आलं ते तिला बरोबर ठाऊक होतं.

धारला ज्या आत्याकडे ती वाढली, त्या यमुनाबाई बापूसाहेब नावाच्या एका सरदारांच्या कोठीवर कामाला होत्या. नवऱ्याने टाकलेल्या, निपुत्रिक, पण कोठीत त्यांना मान मोठा. सणावारी, डोहाळजेवणाला, मुलीच्या पाठवणीला ओटीचं चांदीचं तबक दिवाणखान्याच्या एका टोकाकडून बाईसाहेबांच्या गादीपर्यंत न्यायचं काम त्यांचं. गहू, पाच नारळ, लुगडी, दागिने धरून ते चौदा शेर भरायचं. दोन्ही बाजूंना पाहुण्या बायका बसलेल्या. नारळ हलता कामा नये, बांगडी वाजता कामा नये, आणि मुख्य म्हणजे जड आहे असं तोंडावर दिसता कामा नये. ओटी ही आनंदाने द्यायची गोष्ट, ती नेताना धाप लागली तर देणाऱ्याचा हात जड आहे असं दिसतं. आत्याने सुमंगलालाही तेच शिकवलं. परातीत पाणी भरून अंगण ओलांडायचं. एक थेंब सांडला की आत्या म्हणायच्या, "हं, परत." सात वर्षं रोज. अंगाला जे सात वर्षांत लागलं, ते आता पेन्सिलीतून उतरत होतं. आणि मुंबईच्या लोकांना नेमकं उलटं हवं होतं.

दिवाळी झाली, भाऊबीज झाली, आणि सुमंगला इंदूरवरून बस बदलून धारला गेली. हातात पंधरा दिवस राहिले होते.

बापूसाहेबांची अर्धी कोठी आता कुठल्याशा कचेरीला भाड्याने दिली होती. मागच्या चौकात यमुनाबाईंची एक खोली तेवढी राहिली होती. अडुसष्ट वर्षांचं वय, कणा सरळ. भाचीला बघून त्या म्हणाल्या, "वाळलीस. तुझी वहिनी जेवायला घालत नाही, की तू बसत नाहीस?"

"बसत नाही."

"तेच म्हटलं."

जेवण झाल्यावर सुमंगलाने गड्डी काढली, सगळं सांगितलं. यमुनाबाईंनी पानं सोडून बघितली. हंडा घेतलेली बाई डौलात पाच पावलं चालली. आत्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं.

"चांगली चालते की. काय वाईट आहे हिच्यात?"

"वजन दिसत नाही, आत्याबाई."

"मग झालं तर. ते दिसू नये म्हणूनच तर शिकवलं."

"पण त्यांना दिसायला हवंय. म्हणून विचारायला आले. तुम्हाला ते तबक जड लागायचं ना? मग ते अंगात कुठे जायचं?"

यमुनाबाईंनी गड्डी नीट ठोकून सारखी केली आणि तिच्या पुढ्यात ठेवली. "एकदा रतलामच्या एक पाहुण्या आल्या होत्या. तबक बघून शेजारणीला म्हणाल्या, आतून पोकळ आहे वाटतं. मी ऐकलं. त्याहून मोठी शाबासकी मला कोणी दिली नाही. एकोणीस वर्षं मी जे झाकलं, ते तू पडद्यावर मांडणार, आणि त्याची कृतीही मीच सांगायची? सुमे, हे नाही जमायचं."

"हे झालं नाही तर मी म्हातारी होईपर्यंत पेरूची फांदी काढत बसेन."

"फांदी काही वाईट नसते," आत्या म्हणाल्या आणि भांडी घासायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमंगला खोलीच्या आत, दोरीवर वाळत टाकलेल्या लुगड्याच्या पलीकडे कपडे भरत होती. परतीची बस दहाची होती. यमुनाबाई चौकातल्या नळावरून तांब्याची घागर भरून येत होत्या. दारातून दिसत होतं. तीच चाल, सरळ, हलकी. पलीकडच्या सावित्रीबाई त्यांना म्हणाल्या, "यमुनाजीजी, ह्या वयात तुम्हाला ओझ्याचं कईं वाटतच नाही का हो?" आत्या हसल्या, आत आल्या, घागर तिवईवर ठेवली. पायाने दार लोटलं. भाची बाहेर कुठे आहे असंच त्यांना वाटलं असावं.

मग त्यांनी दोन्ही तळहात भिंतीला टेकले आणि त्यांच्यामध्ये कपाळ टेकलं. खांदे खाली आले. एक गुडघा वाकला, मग दुसरा, पण पुरते वाकले नाहीत. बोटं थरथरत होती, ती भिंतीच्या गारव्यावर त्यांनी दाबून धरली. बराच वेळ काही झालं नाही. मग श्वास एकदम सुटला.

सुमंगलाचे ओठ हलत होते. ती मोजत होती, आणि आपण मोजतोय याची तिला लाज वाटत होती, तरी थांबता येत नव्हतं. तिच्या हातातली पितळी डबी पडली.

यमुनाबाईंनी मान वळवली नाही. "कधीपासून आहेस तिथे?"

"तुम्ही यायच्या आधीपासून."

"मोजलंस?"

"हो."

"किती झालं?"

"सात सेकंद. थोडं वर."

यमुनाबाई भिंतीपासून दूर झाल्या, खाली बसल्या. त्यांना राग आला होता, पण त्याच्याबरोबर दुसरंही काही आलं असावं, कारण त्या उठल्या नाहीत. आपण होऊनच बोलायला लागल्या.

"कोठीत गादीच्या मागे पडदा होता, पडद्यामागे खांब होता, दगडी, गार. तबक ठेवलं की गादीच्या बाजूने पडद्याआड जायचं. मग तो खांब धरायची मी. बायका इकडे ओटीची गाणी म्हणत असायच्या. एक गाणं संपेपर्यंत हात माझे नसायचेच. एकोणीस वर्षांत पडद्यामागे कोणी बघायला आलं नाही."

"आणि उचलताना?"

"उचलताना काय. सगळं उचलायच्या आधी करायचं. तबकाजवळ जाऊन लगेच वाकायचं नाही. आधी उभं राहून पदर सारखा करायचा. लोकांना वाटतं ही पदर सारखा करतेय. तेवढ्यात टाचा जमिनीत रोवून घ्यायच्या. तो एक. मग वाकून हात खाली घालायचे, नाकाने श्वास भरायचा, पोट आत. ते दोन. आणि अडीचला उचलायचं."

"अडीचला का? तीनला का नाही?"

"तीन म्हटलं की तोंडावर येतं. बघणारे पण तीनचीच वाट बघत असतात. अडीचला उचललं की त्यांच्या डोळ्यांना कळायच्या आत ते वर आलेलं असतं."

सुमंगलाने वही काढली होती. आत्यांनी तिच्याकडे बघितलं आणि नाही म्हणाल्या नाहीत.

"काढ. पण दोन गोष्टी ऐक. तोंड माझं काढू नकोस. आणि पावलं बिघडवू नकोस. आधीचं दाखव, नंतरचं दाखव, त्या खांबाचं पण दाखव हवं तर. पण मधली पावलं तशीच गेली पाहिजेत. ती मी कमावलेली आहेत."

"आत्याबाई, त्यांनी पावलांतही वजन मागितलंय."

"मग तू बघ," यमुनाबाई म्हणाल्या. "दहाची बस तर गेली. आता संध्याकाळपर्यंत मी उचलून दाखवते. घागर भर."

देवासला परत आल्यावर सुमंगलाने पेन्सिलीला हात लावला नाही. तीन दिवस ती नुसता तक्ता लिहीत होती, खोडत होती. वहिनींना वाटलं, हिचं बिनसलं. पण अर्धं काम तक्त्यातच होतं. हंड्याच्या जागी आता आत्यांचं तबक होतं. पाच पावलांना तिने तीस चित्रं दिली, एकही जास्त नाही. प्रत्येक पावलाला अर्धा सेकंद, रिकाम्या हातांच्या बाईला लागतो तेवढाच. उचलण्याच्या आधी मात्र अडतीस चित्रं. त्यातली टाचा रोवण्याची चौदा, इतकी जवळजवळ की एकावर एक ठेवली तर एकच जाडसर रेघ दिसावी. श्वास भरलेलं चित्र वीस चौकटी तसंच थांबलेलं. आणि मग तबक जमिनीवरून सुटताना एकदम दोनच चित्रं, मध्ये वीतभर अंतर. तबक ठेवल्यावर छत्तीस. त्यांपैकी शेवटची अकरा खांबाशी. एकशेसहा झाली.

धोका कुठे आहे हे तिला दिसत होतं. मुंबईच्या माणसाने नेमकी मधली तीस चित्रं चाळली, तर तो म्हणणार तबक पोकळ. एका संध्याकाळी तिने पावलं बदलून बघितली. गुडघे थोडे खचवले, पदर थोडा हलवला. वजन दिसायला लागलं, चांगलं दिसायला लागलं. त्या सहा चित्रांकडे ती बराच वेळ बघत बसली. मग तिने ती चुलीजवळ सरपणात ठेवून दिली आणि आधीची खिळ्यांत परत अडकवली.

चौदा तारखेला गड्डी वहिनींच्या हातात आली. चेहरा कोणाचाच नव्हता, नऊवारी नेसलेल्या बाईची पाठ आणि कड तेवढी. सुभद्राबाईंनी पानं सोडली. परत सोडली. तिसऱ्यांदा शेवटाशी आल्या तेव्हा त्यांचा अंगठा थांबला.

"वन्सं, बसू द्या की हिला," त्या म्हणाल्या. "उभी किती ठेवाल?"

त्याच दिवशी कृष्णरावने पाकीट स्वतः नेऊन रजिस्टर केलं. सुमंगला दारात उभी राहून तो गल्लीच्या वळणापर्यंत कसा चालतो ते बघत होती.

मग दोन महिने तिचे फार वाईट गेले. टपालवाल्याची सायकल गल्लीत आली की ती वर्ग सोडून खिडकीशी जायची. मुलींना तिने एक दिवस फुलदाणीऐवजी एकमेकींना जिना चढताना काढायला सांगितलं, त्यावरून मुख्याध्यापिका बोलल्या. जानेवारीच्या अखेरीस पत्र आलं. निवड नव्हती, नकारही नव्हता. मुलाखतीला या, इतकंच. खाली कोणीतरी हाताने लिहिलं होतं, पावलांबद्दल विचारायचं आहे.

कृष्णराव तिच्याबरोबर मुंबईला गेला आणि बाहेरच्या बाकावर बसला. आत तिघे जण होते. मधल्या वयस्कर गृहस्थांच्या पुढ्यात तिची गड्डी होती, कडा मळलेल्या, म्हणजे बऱ्याच हातांतून गेलेली.

"आधीचं आणि नंतरचं उत्तम आहे," ते म्हणाले. "त्यामुळेच आम्हाला कोडं पडलंय. ज्याला वजन एवढं समजतं, त्याने काढलेली पावलं एवढी हलकी कशी? इथे चित्रं कमी पडली, की वेळ?"

ती तीस चित्रं चुकली असं म्हणायला फार सोपं होतं. पुढच्या वेळी सुधारीन, म्हटलं असतं तर ते कदाचित खूशही झाले असते. सुमंगला खुर्चीत बसली होती आणि तिचा डावा अंगठा पदराच्या काठावर फिरत होता.

"कमी पडलं नाही," ती म्हणाली. "ती बाई झाकतेय. तिच्या दोन्ही बाजूंना माणसं बसली आहेत."

"माणसं कुठे आहेत? चित्रात तर कोणी नाही."

"चित्रात नाहीत. पण ती चालते त्यांच्यासाठी. तिला जड वाटतं ते तुम्हाला आधी कळलं आणि नंतर कळलं. मध्ये तिने कळू दिलं नाही, आणि त्यालाच तिला ताकद लागली. पावलं जड केली तर ती दुसरीच कोणी बाई होईल."

गृहस्थांनी गड्डी उचलली आणि पानं सावकाश सोडली. शेजारच्या तरुण माणसाने विचारलं, "ही कोण?" तिने सांगितलं, धारच्या एक बाई आहेत. त्याने नाव विचारलं, तेव्हा ती म्हणाली, नाव सांगायची परवानगी नाही. ते हसले, आणि मग तिघेही गड्डीवर वाकले, कारण ती परत शेवटाशी आली होती, अकरा चित्रांपाशी.

एप्रिलमध्ये ती रुजू झाली. दादरला ओळखीच्या एका कुटुंबात खोली मिळाली. जायच्या आधी ती धारला जाऊन आली. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पावलं ठेवलीस?" ठेवली म्हटल्यावर म्हणाल्या, "मग जा."

मुंबईहून तिचं पहिलं पत्र सुभद्राबाईंना आलं ते आठव्या दिवशी. खोली बरी आहे, पाणी सकाळी येतं, कामाला बसायला काचेचं टेबल आहे आणि त्याच्या खाली दिवा, खिडकीशी उभं राहावं लागत नाही. पहिल्याच दिवशी मोठ्या साहेबांनी एक काम दिलंय. वजन तुम्हाला येतं, आता हे करा, म्हणाले. एक पीस आहे, कोंबडीचं. ते हवेतून खाली यायचं, बस्स. बाकी चित्रात काही नाही.

"पाच दिवस झाले, वहिनी," खाली लिहिलं होतं, "अजून दगडासारखं पडतं. तुमच्याकडे शेजारी कोंबड्या आहेत. जरा एक पीस वरून सोडून बघा आणि हवेत वळायच्या आधी ते किती वेळ थांबतं, ते मोजून कळवा."

सुभद्राबाईंनी पत्राची घडी घातली, माळ्याला शिडी लावली आणि राजाबाईंना खालून पीस द्यायला सांगितलं.